विकत घेतलेला सुलतान

सिरियातला गुलामांचा बाजार. साल साधारण १२४२. विक्रीला उभा असलेला पोरगा उंचपुरा, सावळ्या रंगाचा, निळ्या डोळ्यांचा. अंगाने मजबूत, पण एका डोळ्यात फूल पडलेलं. जुने इतिहासकार सांगतात, की एका गिऱ्हाइकाने त्याला आठशे दिरहमांना घेतलं आणि डोळ्यातला तो पांढरा ठिपका लक्षात आल्यावर परत करून टाकलं. आपण ऑनलाइन मागवलेला शर्ट डाग दिसला म्हणून रिटर्न करतो ना, अगदी तसंच.

अठरा वर्षांनी हाच पोरगा इजिप्त आणि सिरियाचा सुलतान झाला. त्याचं नाव बायबर्स. तुर्की भाषेत बे म्हणजे सरदार आणि बार्स म्हणजे बिबट्या किंवा वाघ.

गोष्ट इथेच थांबवली तर मस्त मोटिव्हेशनल रील होईल. गुलाम ते सुलतान, मेहनत करा, स्वप्नं बघा वगैरे. पण बायबर्सचं आयुष्य नीट वाचलं की ही रील जमत नाही. कारण एकट्याच्या जिद्दीने तो वर आला नाही. त्याला वर नेणारी चारशे वर्षं जुनी एक व्यवस्था होती, आणि त्याच व्यवस्थेने पुढे त्याच्या मुलांना खाली खेचलं.

भावकी नसलेला शिपाई

आधी थोडं मागे जाऊ. नवव्या शतकात बगदादला अब्बासी खलिफांचं राज्य होतं. राज्य प्रचंड, पण भरवशाचं सैन्य कुठून आणायचं? अरब टोळ्यांचे आपापसात जुने हिशोब, इराणी सरदारांचे वेगळे. प्रत्येक शिपायामागे त्याची टोळी, त्याचं गाव, त्याची भावकी. आज तुमच्यासाठी लढेल, उद्या काकासाठी तुमच्यावर उलटेल.

खलिफा मुअतसिमने (८३३ ते ८४२) यावर एक उपाय मोठ्या प्रमाणावर राबवला. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतली तुर्क पोरं विकत घ्यायची. ही पोरं चालायला लागायच्या वयात घोड्यावर बसायची. दौडत्या घोड्यावरून, मागे वळूनसुद्धा, नेमका बाण मारणं हे त्यांच्यासाठी रोजचं काम. त्यात परक्या मुलखात त्यांना ना भाषा येत होती, ना कोणी नातेवाईक. मालक हाच बाप, मालक हेच गाव. अशा सैनिकाला ममलुक म्हणायचे. अरबीत त्याचा साधा अर्थ मालकीचा, विकत घेतलेला.

हे तुर्क घोडेस्वार बगदादच्या गल्ल्यांमधून घोडे उधळायचे आणि शहरातले लोक वैतागायचे. भांडणं इतकी वाढली, की ८३६ मध्ये मुअतसिमने बगदादच्या उत्तरेला सामर्रा नावाची नवी राजधानीच वसवली. आणि मग काय झालं? ८६१ मध्ये याच तुर्क रक्षकांनी मुअतसिमच्या मुलाचा, खलिफा मुतवक्किलचा, खून केला. पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले आणि त्यातले बहुतेक जिवानिशी गेले.

म्हणजे निष्ठा विकत घेण्याचा प्लॅन पहिल्या पन्नास वर्षांतच फसला होता. तरी कोणी तो सोडला नाही, कारण लढाईत या सैनिकांना तोड नव्हती. गझनीच्या महमूदाचा बाप सबुक्तगीन असाच विकला गेलेला तुर्क. दिल्लीचं गुलाम घराणं तर आपण शाळेत पाठ केलंय. इल्तुतमिश आणि बल्बन हे त्याच साखळीतले. यातला बल्बन हा बायबर्सचा समकालीन. त्यालाही मंगोलांनी पकडून विकलं होतं. बायबर्स कैरोत सुलतान असताना तो दिल्लीच्या तख्तावर होता.

रौदा बेटावरची बॅच

बायबर्स किपचाक तुर्क. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या मैदानात १२२० च्या दशकात जन्मलेला. तो लहान असतानाच मंगोल आले. किपचाक टोळ्या उद्ध्वस्त झाल्या, माणसं पळाली, पकडली गेली, विकली गेली. बाजारात किपचाक पोरांचा इतका पुरवठा झाला, की ती स्वस्त मिळू लागली.

बायबर्सला शेवटी ऐदकीन नावाच्या एका सरदाराने घेतलं. ऐदकीनचा किताब बुंदुकदार, म्हणून बायबर्सला कायमचं अल-बुंदुकदारी हे नाव चिकटलं. सुलतान झाल्यावरही ते सुटलं नाही. पुढे ऐदकीनवर सुलतानाची गैरमर्जी झाली आणि त्याच्या मालमत्तेसोबत बायबर्सही सुलतानाकडे जमा झाला.

हा सुलतान म्हणजे इजिप्तचा अस-सालिह अय्युब. प्रसिद्ध सलाउद्दीनच्या अय्युबी घराण्यातला. भाऊबंदकीने पोळलेला. सख्ख्या नातेवाइकांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने किपचाक पोरं विकत घेण्याचा सपाटा लावला. नाईल नदीतल्या रौदा बेटावर त्यांच्यासाठी बराकी बांधल्या. तिथले लोक नाईलला बहर म्हणजे समुद्रच म्हणायचे, म्हणून या पलटणीचं नाव पडलं बहरी.

बराकीतलं आयुष्य कडक. आधी इस्लामची दीक्षा, अक्षरओळख, नमाज. मग भाला, तलवार, धनुष्य, घोडेस्वारी, पोलो. शिक्षण पूर्ण झालं की गुलामीतून मुक्ती आणि हातात घोडा, हत्यारं, पगार. म्हणजे लढायला निघालेला ममलुक कायद्याने स्वतंत्र असायचा. पण ज्याने विकत घेतलं, शिकवलं, मुक्त केलं त्या उस्तादाशी तो जन्मभर बांधलेला मानला जायचा.

आणि आणखी एका नात्याने. एकाच उस्तादाच्या हाताखाली एकत्र वाढलेल्या ममलुकांना खुशदाश म्हणत. एकाच बराकीत झोपलेले, एकाच मैदानात पडून गुडघे फोडून घेतलेले. हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्यांची भावकी हिरावून घेतली होती, त्यांनी बराकीत नवी भावकी तयार केली. मालकांचा हिशोब नेमका इथे चुकला.

मन्सुराच्या गल्ल्या

जून १२४९. फ्रान्सचा राजा नववा लुई धर्मयुद्धाची मोहीम घेऊन इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरला आणि दमिएत्ता शहर त्याच्या हाती पडलं. सुलतान अस-सालिह तेव्हा मरणपंथाला लागला होता. नोव्हेंबरमध्ये मन्सुराच्या छावणीत तो गेला. त्याची बायको शजर अल-दुर, जी स्वतःही एकेकाळी गुलाम होती, तिने मृत्यूची बातमीच दाबून ठेवली. हुकूम सुलतानाच्या नावाने सुटत राहिले.

फेब्रुवारी १२५० मध्ये लुईचा भाऊ रॉबर्ट आपले शूरवीर घेऊन थेट मन्सुरा शहरात घुसला. अरुंद गल्ल्यांमध्ये चिलखती घोडेस्वारांना धड वळताही येईना. तिथे बहरी ममलुकांनी त्यांना कोंडून मारलं. रॉबर्टही गेला. या प्रतिहल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्यांत विशीतला बायबर्स होता. एप्रिलमध्ये खुद्द राजा लुई कैद झाला.

विजय बहरींचा, पण गादीवर आला मेलेल्या सुलतानाचा मुलगा तुरानशाह. त्याने आल्या आल्या आपली माणसं वरच्या जागांवर बसवायला सुरुवात केली. बापाच्या ममलुकांना तो हिशेबातच धरेना. २ मे १२५० ला बहरींनी त्याला ठार केलं. पहिला वार बायबर्सचा होता असं सांगतात.

यातली गंमत बघा. तुरानशाह हा त्यांच्या उस्तादाचा सख्खा मुलगा. निष्ठा घराण्याशी असती तर त्याच्यासाठी त्यांनी जीव दिला असता. पण ती होती विकत घेणाऱ्याशी आणि एकमेकांशी. बापाची गादी मुलाकडे वारसाने आली, निष्ठा आली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

किल्ल्यावरून फेकलेलं डोकं

तुरानशाहनंतर शजर अल-दुर काही आठवडे स्वतः गादीवर बसली. मग तिने ऐबक नावाच्या ममलुक सरदाराशी लग्न केलं आणि सत्ता त्याच्याकडे गेली. (दिल्लीचा कुतुबुद्दीन ऐबक वेगळा. परीक्षेत गोंधळ करू नका.) ऐबकला बहरींची भीती होती. त्यांचा म्होरक्या अक्ताय याला त्याने १२५४ मध्ये किल्ल्यात बोलावून मारलं. त्याला सोडवायला साथीदार किल्ल्याखाली जमले, तेव्हा वरून त्याचं डोकं खाली फेकण्यात आलं. मारणाऱ्यांमध्ये ऐबकचा एक ममलुक होता, कुतुझ.

त्याच रात्री बहरी कैरोतून पळाले. बायबर्स त्यांच्यात होता, त्याचा खुशदाश कलावुनही. पुढची पाच-सहा वर्षं ही मंडळी सिरियात भाड्याने लढत फिरली. कधी दमास्कसच्या अमीराकडे, कधी करकच्या. इजिप्तवर चालून जायचे प्रयत्न केले, तेही फसले. तिशीच्या आसपास बायबर्सकडे ना जहागीर होती, ना मालक, ना देश. होते फक्त सोबतचे घोडेस्वार.

आणि मग मंगोल पुन्हा आले.

ऐन जालूत

१२५८ मध्ये चंगीझ खानाचा नातू हुलागू याने बगदाद बेचिराख केलं, खलिफाला मारलं. १२६० च्या सुरुवातीला अलेप्पो पडलं, मार्चमध्ये दमास्कस. पुढचा नंबर कैरोचा होता. तिथे आता सुलतान होता तोच कुतुझ, अक्तायच्या खुनातला. बायबर्सने जुना हिशोब बाजूला ठेवला आणि आपली माणसं घेऊन कुतुझकडे गेला. हुलागूचे दूत शरणागती मागायला आले, तेव्हा कुतुझने त्यांची डोकी उडवून कैरोच्या झुवेला दरवाजावर टांगली. आता माघार नव्हती.

इतक्यात हुलागू बहुतेक सैन्य घेऊन मागे फिरला आणि सिरियात कितबुका या सेनापतीला थोड्या फौजेसह ठेवून गेला. ३ सप्टेंबर १२६० रोजी पॅलेस्टाईनमधल्या ऐन जालूत इथे दोन्ही सैन्यं भिडली. आघाडीची तुकडी बायबर्सकडे होती. दोन्ही बाजूंचे घोडेस्वार त्याच गवताळ मैदानांच्या परंपरेतले, तेच धनुष्य, तेच डावपेच. ज्या मंगोलांमुळे बायबर्स बाजारात उभा राहिला होता, त्यांच्यासमोर तो त्यांच्याच पद्धतीने लढत होता. कितबुका मारला गेला. मंगोलांची पश्चिमेकडची घोडदौड इथे अडली.

परतीच्या वाटेवर, ऑक्टोबरमध्ये, सुलतान कुतुझ शिकारीसाठी रस्ता सोडून बाजूला गेला. बायबर्स आणि आणखी काही सरदार सोबत होते. त्यांनी त्याला तिथेच संपवलं. बायबर्सला अलेप्पोची सुभेदारी हवी होती, ती मिळाली नाही म्हणून, असं एक कारण दिलं जातं. अक्तायचं डोकंही कोणी विसरलं नसावं. छावणीत परतल्यावर ज्याने सुलतानाला मारलं त्यालाच सरदारांनी गादीवर बसवलं. कैरोमध्ये विजयी कुतुझच्या स्वागतासाठी शहर सजवलेलं होतं. त्या सजावटीतून आत आला बायबर्स.

चार दिवसांत टपाल

दोन सुलतानांच्या खुनात हात असलेला हा माणूस राज्यकर्ता म्हणून कसा होता? कामाला वाघ. कुतुझने लढाईसाठी लादलेले जादा कर त्याने येताच रद्द केले. घोड्यांच्या टप्प्यांची टपालव्यवस्था उभारली. कैरो ते दमास्कस बातमी साधारण चार दिवसांत पोचायची. जोडीला निरोप्या कबुतरं होती. बगदादहून निसटलेला अब्बासी वंशज शोधून त्याने कैरोत खलिफा म्हणून बसवला. पहिला एका मोहिमेत मारला गेला, तर दुसरा आणला. खलिफाच्या हाती सत्ता काहीच नव्हती, पण त्याच्या शिक्क्याने विकत घेतलेला गुलाम कायदेशीर सुलतान ठरत होता. न्यायासाठी कैरोत चारही सुन्नी पंथांचे चार मुख्य काझी नेमले. पूल बांधले, त्यांवर आपलं चिन्ह म्हणून वाघरासारखं जनावर कोरलं. ज्याने त्याला एकेकाळी विकत घेतलं, तो ऐदकीन आता त्याच्याच हाताखाली सरदार होता.

क्रुसेडरांचे किल्ले एकामागोमाग पडत गेले. १२६५ मध्ये कैसरिया आणि अर्सुफ, १२६६ मध्ये सफद, १२६८ मध्ये जाफा आणि अँटिओक, १२७१ मध्ये क्राक दे शेवालिए. इथे त्याचं दुसरं रूपही दिसतं. सफदच्या शिबंदीची त्याने कत्तल केली. अँटिओकमध्ये कत्तल झालीच, शिवाय इतकी माणसं गुलाम केली गेली की बाजारात लहान पोरांचे भाव कोसळल्याच्या नोंदी आहेत. एकेकाळी तोही असाच स्वस्तातला पोरगा होता.

काळ्या समुद्रातून येणारी जहाजं

बायबर्सचा सगळ्यात महत्त्वाचा करार मला हा वाटतो. ममलुक राज्याला दरवर्षी नवी पोरं लागायची. कारण ममलुकाचा मुलगा सहसा ममलुक होत नसे. तो जन्मतः स्वतंत्र, मुसलमान, शहरात वाढलेला. ताकद टिकवायची तर दर पिढीला नवी पोरं विकत घ्यायलाच हवी होती. ती यायची काळ्या समुद्रापलीकडून, म्हणजे बायबर्सच्या जन्मभूमीतून.

तिथे आता बर्के खानाचं मंगोल राज्य होतं. बर्केने इस्लाम स्वीकारलेला, आणि चुलतभाऊ हुलागूशी त्याचं हाडवैर. बायबर्सने त्याच्याशी दोस्ती केली. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आठवा मायकेल याच्याशी बोलणी करून सामुद्रधुनीतून जहाजांना वाट मिळवली. त्या जहाजांमध्ये किपचाक पोरं असायची.

ज्या बाजारात त्याला नाकारलं गेलं होतं, तो बाजार बंद करण्याची ताकद आता त्याच्याकडे होती. त्याने तो सुरळीत चालेल अशी सोय केली. त्याच्या जागी बसून पाहिलं तर दुसरा पर्यायही दिसत नाही. मंगोल पूर्वेला, क्रुसेडर किनाऱ्यावर, आणि लढणारे फक्त असेच तयार होत होते. बरं, त्याच्या नजरेत हा अन्यायही नसेल. या वाटेने गेल्यामुळेच तर तो इथवर पोचला होता. आपल्याला जे त्रासातून जावं लागलं, ते पुढच्या बॅचलाही चुकू नये, हा विचार सीनिअर झालेल्या कोणालाही परका नाही.

मुलगा आणि खुशदाश

१ जुलै १२७७. अनातोलियात मंगोलांना हरवून परतलेला बायबर्स दमास्कसमध्ये वारला. घोडीचं आंबवलेलं दूध, म्हणजे कुमिस, प्यायल्यानंतर तो आजारी पडला असं सांगतात. मैदानी तुर्कांचं हे आवडतं पेय. विषाची कुजबुजही झाली.

त्याने एक गोष्ट मात्र पक्की करून ठेवली होती. आपली गादी आपल्या मुलाला. मोठ्या मुलाला, बराकाला, हयातीतच वारस जाहीर केलं. त्याचं लग्न जुना खुशदाश कलावुनच्या मुलीशी लावलं. म्हणजे सगळ्यात ताकदवान सरदार मुलाचा सासरा. यापेक्षा भक्कम तटबंदी कोणती?

बराका विशीच्या आतला. त्याने नेमकं तेच केलं जे तुरानशाहने केलं होतं. बापाच्या वेळचे सरदार बाजूला सारून आपली माणसं पुढे आणली. १२७९ मध्ये सरदारांनी त्याला गादी सोडायला लावली. त्यात सासराही होता. मग सात वर्षांच्या धाकट्या भावाला, सलामिशला, नावापुरतं बसवलं आणि कारभार कलावुनने हाती घेतला. काही महिन्यांत त्यालाही हटवून कलावुन स्वतः सुलतान झाला. कलावुनचं टोपणनाव अल-अल्फी, म्हणजे हजारवाला. कारण त्याला एक हजार दिनारांना विकत घेतलं होतं.

बापाची गादी मुलाकडे आली, निष्ठा आली नाही. बायबर्सला हे कोणापेक्षाही जास्त माहीत असायला हवं होतं. तुरानशाहवरचा पहिला वार त्याचाच होता म्हणतात. तरी बाप म्हणून त्याला वाटलं, की आपल्या घरात असं होणार नाही.

कलावुनच्या वंशजांनी पुढे जवळपास शंभर वर्षं गादी राखली, पण त्यातले बरेच सुलतान सरदारांच्या हातातली बाहुलीच होते. ममलुक राज्य टिकलं १५१७ पर्यंत, ऑटोमन तुर्कांनी ते जिंकेपर्यंत.

बायबर्सची कबर दमास्कसला झाहिरिया मदरशात आहे. पुढे त्या इमारतीत ग्रंथालय झालं. कैरोच्या कॉफीहाउसांमध्ये त्याच्या पराक्रमाची लोककथा सांगणारे कथेकरी अनेक शतकं होते. त्या कथेत तो सगळ्या संकटांतून निसटणारा नायक आहे.

रौदा बेटावर त्याच्यासोबत शेकडो पोरं होती. त्यातल्या दोघांची, त्याची आणि कलावुनची, नावं आपल्याला सुलतान म्हणून माहीत आहेत. बाकीचे मन्सुराच्या गल्ल्यांत, सिरियाच्या रस्त्यांवर, ऐन जालूतच्या मैदानात राहिले. त्यांनाही कोणीतरी बाजारात डोळे, दात, दंड तपासून घेतलं होतं. पुढच्या वेळी गुलाम ते सुलतान अशी रील समोर आली, तर लाइक जरूर करा. फक्त त्या बाकीच्या पोरांची एकदा आठवण ठेवा.